बोरमळ्याचा तारांकित प्रश्न

आमच्या ऑफिसात चहाचे ग्लास आणि किस्से एकाच वेगाने साठतात. ग्लास निदान संध्याकाळी कुणीतरी विसळून ठेवतं. किस्से तसेच पडून राहतात. मग कॉलेजचे मित्र जमले की एकजण हमखास म्हणतो, "ए, तुझ्या त्या आमदारांचं काहीतरी सांग ना!" आणि मला सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

ओतूरला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर अण्णांचं संपर्क कार्यालय आहे. अण्णा म्हणजे विधान परिषदेचे आमदार. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतली माणसं तो अरुंद जिना चढून येतात. त्यातली निम्मी खाली खत घ्यायला आलेली असतात आणि "आलोच हाये तर" म्हणून एखादी तक्रार वर आणून ठेवतात. मी दिल्लीत आणि नंतर परदेशात सार्वजनिक धोरण शिकले आणि परत आले ती थेट इथेच. आईचं म्हणणं, "एवढं शिकली आणि खताच्या दुकानावर जाऊन बसली." माझं म्हणणं, मी प्रश्न लिहिते! आमदाराने मंत्र्याला भर सभागृहात विचारायचे प्रश्न. राजाला कुणी जाब विचारू शकत नव्हतं. मंत्र्याला विचारता येतो, आणि त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. हे वाक्य मी जेवताना, बसमध्ये, लग्नात, सगळीकडे बोलून दाखवते. घरच्यांनी आता ऐकणं सोडलंय.

*

माझा पहिला प्रश्न आठ पानांचा होता.

त्यात प्रस्तावना होती, इतर देशांतले दाखले होते, संविधान तर होतंच. तो मी बाळूभाऊंच्या टेबलावर ठेवला. बाळूभाऊ अण्णांचे पीए. अण्णांच्या आधी दोन आमदारांची पत्रं, दौरे आणि रुसवेफुगवे सांभाळलेला माणूस. त्यांनी आठही पानं शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "लई भारी लिव्हलंय ताई. पण यात प्रश्न कुठंय?"

मग त्यांनी मला साचा शिकवला. सभागृहातल्या प्रश्नाला ठरलेली अंगं असतात. आधी, अमुक घडलं आहे, हे खरे आहे काय? मग, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? आणि शेवटी, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? बस्स. ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं, त्या प्रश्नावर चांदणी काढतात, म्हणून तो तारांकित.

"पण भाऊ, चार ओळींत प्रश्नाची खोली कशी येणार?" मी कळवळून विचारलं.

"खोली कशाला पायजे? तुमी मंत्र्याला आठ पानांचं रान मोकळं दिलंय. त्यो कुठूनबी पळंल. पिंजरा ल्हान लागतो ताई. वळायला जागाच नाय पायजे!"

*

हा साचा लागण झाल्यासारखा पसरतो.

एकदा अण्णा दुपारी दोनपर्यंत लोकांच्या गराड्यात होते. फोन स्पीकरवर होता, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. पलीकडून, अण्णांच्या घरून, वहिनींचा थंडगार आवाज आला, "आपण बारा वाजता जेवायला येणार होता, हे खरे आहे काय?"

ऑफिसातल्या सगळ्यांनी कान टवकारले.

अण्णा चाचरत म्हणाले, "अंशतः खरे आहे."

"नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

अण्णांनी समोर बसलेल्या सगळ्यांकडे एकदा बघितलं, चपला घातल्या आणि जिना उतरले. बाळूभाऊ म्हणाले, "सभागृह तहकूब!"

*

प्रश्न विचारायचे म्हटल्यावर मागणीही येते. अवसरी बुद्रुकचे एक पावणे आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात पेढ्यांचा बॉक्स. म्हणाले, सदनात एक विषय लावायचाय, राज्यपातळीवरचा आहे. मी उत्साहाने पेन उघडलं.

"लिवा," पावणे म्हणाले. "माझा मेव्हणा दर वर्षी नांगरताना माझा बांध कोरतो, हे खरे आहे काय?"

मी समजावलं की सभागृहात फक्त सार्वजनिक महत्त्वाचे विषय घेतात.

"सार्वजनिकच हाये की! आख्ख्या गावाला म्हायतीये!"

बाळूभाऊंनी चहा मागवला आणि विचारलं, "पावणं, मंत्र्यानं उत्तर दिलं की मेव्हणा निर्दोष हाये, तर मंग?"

पावण्यांनी पेढ्यांचा बॉक्स परत पिशवीत घातला आणि म्हणाले, "मंग आमी गावातच बघतो."

*

पण ज्या प्रश्नाने आमची झोप उडवली, तो घेऊन राधाक्का आली.

राधाक्का बोरमळ्याची. बोरमळा म्हणजे ओतूरच्या पुढची, उसात बुडालेली वस्ती. तिचं घर मूळचं मेंढरांचं. आता मेंढरं चारदोन, कांदा जास्त. नवरा चाकणला कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी. म्हणजे मोटर चालू करायला, बारं द्यायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, आणि वाफे मोडायला ती एकटी. आणि शेतीपंपाची लाईट बोरमळ्याला फक्त रात्री!

ती माझ्यासमोर खुर्चीत मांडी घालून बसली आणि म्हणाली, "लाईट रातची, बिबट्या बी रातचा. सरकारनं दोघांची डुटी येकच लावलीया बग."

मी हसले. ती हसली नाही. शेजारच्या वाफ्यात तिच्या जावेवर मागच्याच थंडीत बिबट्याने झेप घेतली होती. जाऊ वाचली, पण पुन्हा शेतात गेली नाही. घरात आता बारं धरणारी एकटी राधाक्काच.

"मग तू काय करतेस अक्का?"

"मोबाईलवर शिरेल लावती, मोठ्यानं. माणसांचा आवाज आला की त्यो जवळ येत नाय म्हनत्यात. आता त्याला बी सासू कोण, सून कोण समदं पाठ झालं आसंल. परवा बांधावर बसून बगत व्हता! मी म्हनलं, बग बाबा, पर तिथनंच बग."

हे सांगतानाही तिचा हात पदराचं टोक पिळत होता. त्या हाताकडे बघून मी त्याच दिवशी प्रश्न लिहिला. चार ओळी. बोरमळा येथे बिबट्याचा वावर असताना शेतीपंपांना केवळ रात्री वीज दिली जाते, हे खरे आहे काय?

बाळूभाऊंनी वाचला आणि पहिल्यांदाच काही खोडलं नाही.

*

आता प्रश्न गेला की त्याचं काय होतं, हे मला कुठल्याच विद्यापीठाने शिकवलं नव्हतं.

प्रश्न मुंबईला गेला. विधिमंडळातून मंत्रालयात. मंत्रालयाने पुण्याला विचारलं, पुण्याने तालुक्याला. आणि एक दिवस मला फोन आला. आमच्या भागाचे वीज खात्याचे ज्युनिअर इंजिनिअर, सगळे त्यांना जेई साहेब म्हणतात. माणूस सज्जन, आवाज रडवेला.

"ताई, वरून एक प्रश्न आलाय. बोरमळ्याचा. लई अर्जंट हाये. तुमाला त्या भागाची म्हायती हाये ना? उत्तर काय लिहू?"

"साहेब, तो प्रश्न मीच लिहिलाय!"

"अरे वा!" जेई साहेबांना एवढा आनंद झाला की काय सांगू! "मंग तुमीच सांगा की! तुमच्यापरीस चांगलं कोण सांगणार?"

अशी संधी लोकशाहीत कुणाला मिळते? प्रश्न माझा, उत्तरही माझंच! मी मनापासून सांगितलं, "लिहा, होय, हे पूर्णपणे खरे आहे. परिस्थिती अत्यंत गंभीर आहे. तातडीने दिवसा वीज देणे आवश्यक आहे."

जेई साहेबांनी जसंच्या तसं लिहून वर पाठवलं. मग ते उत्तर एकेक मजला चढत गेलं आणि प्रत्येक मजल्यावर जरा जरा झडत गेलं. जेई साहेब मला फोनवर कळवत राहिले, आजाऱ्याची तब्येत कळवावी तसे. "ताई, तालुक्याला 'अत्यंत' गेलं." दोन दिवसांनी, "ताई, 'गंभीर' बी गेलं." पुण्याला 'पूर्णपणे'च्या जागी 'अंशतः' आलं. शेवटी वरून जेई साहेबांनाच फोन आला, "दिवसा वीज देणे आवश्यक आहे कशाला लिहिता? दिवसा वीज सुरू आहे, असं लिहा!"

"पर साहेब, सुरू नायये!"

"मग सुरू करा!"

आणि दुसऱ्या दिवसापासून बोरमळ्याला दिवसाची लाईट सुरू झाली! नागपूरच्या अधिवेशनात छापील उत्तर आलं: बोरमळा येथे सद्यस्थितीत दिवसा वीजपुरवठा सुरू आहे. सबब, प्रश्न उद्भवत नाही.

आमचा प्रश्न यादीत इतका खाली होता की सभागृहात त्याची पाळीच आली नाही. उत्तर तसंच दाखल झालं. तरी मी नागपूरच्या थंडीत रस्त्यावर उभी राहून आईला फोन केला. "बघ, चार ओळींनी लाईट आली!" आई म्हणाली, "स्वेटर घातलास का?"

*

राधाक्का ऑफिसात आली ती कांद्याच्या पातीची जुडी घेऊन. "पोरी, उन्हात बारं धरलं! आंग भाजलं, पर बरं वाटलं." तिने बाळूभाऊंना पात दिली, मला दिली, खालच्या खतवाल्यालाही दिली.

पुढच्या आठवड्यात ती परत आली. हात रिकामे.

"लाईट पुन्यांदा रातची झाली."

मी जेई साहेबांना फोन लावला. ते आधी खोकले. मग म्हणाले, "ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं ना आता? दिवसाची लाईट उत्तरापुरती व्हती. वरून वेळापत्रक परत जुनं आलं. माझ्या हातात काय बी नाय वो."

मी तावातावाने बोलत सुटले. फसवणूक, हक्कभंग, उच्च न्यायालय! राधाक्का ऐकत होती. मी दमल्यावर तिने विचारलं, "म्हंजी त्या मंत्र्यानं उत्तर दिलं म्हणून माझी लाईट गेली?"

"हो."

"आन दिलं नसतं तर?"

बाळूभाऊंनी हळूच चष्मा काढला. मला आता ती खूण कळते.

"ताई," ते म्हणाले, "नवा प्रश्न लिवा. मार्चच्या अधिवेशनासाठी. आन यावेळी त्याला उत्तर मिळू द्यायचं नाय."

मी हे पुन्हा सांगते, कारण माझ्या परदेशातल्या प्राध्यापकांना हे पटणार नाही. प्रश्न विचारण्याचा उद्देश उत्तर मिळू नये हा होता!

*

मी मात्र अडून बसले. एका वस्तीपुरता जुगाड मला नको होता. म्हणून नव्या प्रश्नात मी सगळंच विचारलं: बिबट्याचा वावर असलेल्या सर्व गावांत शेतीला दिवसाच वीज देण्याचे धोरण शासन आखणार आहे काय? त्यात बोरमळा एका ओळीत.

"धोरण मागा की, मी कुठं नको म्हणतोय?" बाळूभाऊ म्हणाले. "पर धोरण येईस्तोवर अक्कानं काय करायचं?"

मी प्रश्न तसाच पाठवला. प्रश्न स्वीकारला गेला, खाली आला, जेई साहेबांचा फोन आला आणि बोरमळ्याला पुन्हा दिवसाची लाईट! कांदा नुकताच लावलेला. तो निघेपर्यंत प्रश्न जिवंत ठेवायचा, एवढंच काम.

बाळूभाऊंनी नियम सांगितला. उत्तर छापून आलं तरी सभापतींनी "प्रश्न राखून ठेवला" असं म्हटलं की तो पुढच्या अधिवेशनापर्यंत लोंबकळत राहतो. सहसा मंत्र्याकडे माहिती नसली तर राखून ठेवतात. "पर या मंत्र्याची पंचाईत आशी की त्यो लई तयारी करून येतो!"

बोरमळ्याने आपल्या परीने जोर लावला. वस्तीतल्या बायका ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेल्या. तिथे माझ्या ओळखीच्या एका बाईंनी त्यांना विचारलं, "कसला नवस?" राधाक्काने खुलासा केला, "आमच्या प्रश्नाला मंत्र्यानं उत्तर देऊ नये म्हणून."

त्या बाईंनी मला फोन केला. "अगं, ही कुठली माणसं गं?"

*

मार्च. मुंबई. आमचा प्रश्न या खेपेला यादीत वर लागला होता. लागू नये तेव्हा नेमका वर!

मी प्रेक्षक गॅलरीत. अण्णा खाली, खिशात मी लिहून दिलेले मुद्दे. सभापतींनी क्रमांक पुकारला. अण्णा उभे राहिले.

"सभापती महोदय, माझी विनंती आहे की हा प्रश्न राखून ठेवावा."

मंत्री लगेच उठले. हातात जाडजूड फाईल. "सभापती महोदय, माझी उत्तर द्यायची पूर्ण तयारी आहे!"

"माझी ऐकायची नाही!" अण्णा म्हणाले.

सभागृह हसलं. समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "मंत्री तुमचे, आमदार तुमचे, घरचं घरी मिटवा!"

सभापतींनी घंटा वाजवली. "सन्माननीय सदस्य, हा प्रश्न आपणच विचारला आहे ना?"

"होय, हे खरे आहे."

"मग उत्तर का नको?"

अण्णांनी खिशात हात घातला. मला वाटलं, आता माझे मुद्दे निघणार. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि ओतूरच्या बाजारात बोलतात तसे बोलले.

"महोदय, मागच्या वेळी उत्तर आलं आन पुढच्या हप्त्यात आमच्या बोरमळ्याची लाईट रातची झाली. प्रश्न उभा हाये तवर लाईट दिवसाची. उत्तर झालं की आमची राधाक्का रात्री एकटी वाफ्यात उभी. तिथं बिबट्या हिंडतो. तिच्या जावेला त्यानं धरलं व्हतं. साहेब चांगलं उत्तर देतील, मला खात्री हाये. म्हणूनच भीती वाटती."

मंत्र्यांनी मान वळवून मागच्या अधिकाऱ्यांच्या कक्षाकडे बघितलं. तिथले सगळे एकदम फायलींत डोकं घालून बसले. मंत्र्यांनी अगदी हळू, पण माईक चालू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं, "हे खरे आहे काय?"

थोड्या वेळाने एक चिठ्ठी पुढे आली. मंत्र्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मग उभे राहिले.

"सभापती महोदय, हे... अंशतः खरे आहे."

दोन्ही बाजूंचे आमदार बाकं वाजवायला लागले. काही हसत होते, काही ओरडत होते, आमच्याही गावात, आमच्याही गावात! सभापतींना शांतता करायला बराच वेळ लागला. मग ते खुर्चीत पुढे सरकले.

"सन्माननीय सदस्य, कांदा कधी निघतो?"

"एप्रिलच्या शेवटाला, महोदय."

"ठीक आहे. धोरणाचा प्रस्ताव मंत्रिमहोदयांनी पुढच्या अधिवेशनात आणावा. बोरमळ्याचा कांदा निघेपर्यंत हा प्रश्न राखून ठेवण्यात येत आहे. तोवर दिवसाची वीज बंद होता कामा नये."

मी गॅलरीतून धावत बाहेर आले. फोन गेटवर जमा केलेला, तो घेतला आणि राधाक्काला लावला. बोरमळ्यात सगळी वस्ती एका मोबाईलवर थेट प्रक्षेपण बघत बसली होती. मागे गलका, शिट्ट्या, कुत्र्यांचं भुंकणं.

"अक्का! ऐकलंस का? कांदा निघेपर्यंत लाईट दिवसाची!"

"ऐकलं की. लई ग्वाड मानूस हाये त्यो खुर्चीवरला." मागच्या गलक्यावर तिने आवाज चढवला. "पर पोरी, त्याला येक इचार. कांदा निघाल्याचं बिबट्याला कोण कळवणार हाये?"